निवडीचा स्वीकार आणि अपयशाचा वाटा : निवडक मराठी साहित्यकृतींतील पालक-अपत्य संबंधांचा चिकित्सक अभ्यास

सारांश

मुलांनी कोणते शिक्षण घ्यावे व कोणता व्यवसाय पत्करावा याचा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मराठी कुटुंबात शतकाहून अधिक काळ धुमसत आहे. प्रस्तुत शोधनिबंधात आनंद यादव यांची 'झोंबी', भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला', महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी', जयवंत दळवी यांचे 'संध्याछाया' आणि नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' या पाच साहित्यकृतींच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. पालकांनी होकार दिला किंवा नाकारला एवढ्यावरून स्वीकाराची पारख होत नाही. निवड फसल्यानंतर तिचा भार कोणी उचलला, हीच स्वीकाराची खरी कसोटी होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पालकत्व, व्यवसायनिवड, संमती, अपयश, कुटुंबसंस्था, स्त्रीशिक्षण.

१. प्रस्तावना

गोपाळ गणेश आगरकर यांनी विद्यार्थिदशेत आपल्या आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्रातील शिक्षित वर्गाला सुपरिचित आहे. मुलगा एम. ए. होईल, मोठ्या पगाराची नोकरी मिळवील आणि घरचे दारिद्र्य फिटेल, ही आईची आशा ठाऊक असूनही, आपण संपत्तीच्या मागे न लागता लोकसेवेत आयुष्य घालविणार असल्याचे त्यांनी तीत कळविले होते. पुढे १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल स्थापन झाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि आगरकरांचा तो शब्द खरा ठरला.

या पत्राचे गुणगान पिढ्यान्पिढ्या होत आले आहे. परंतु ते सर्वस्वी मुलाच्या त्यागाचे गुणगान आहे. पत्र ज्या घरी पोहोचले त्या घरात त्या दिवशी काय घडले असेल, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मुलाने गरिबी स्वतःसाठी पत्करली हे खरे. पण ती त्याने आईसाठीही पत्करली होती, आणि तिला विचारून पत्करली नव्हती. पत्राचे स्वरूप अनुज्ञा मागण्याचे नव्हे, तर निवेदनाचे आहे. मुलाच्या निवडीचा 'स्वीकार' म्हणजे काय, या प्रश्नाची सर्व गुंतागुंत या एका प्रसंगात सामावलेली आहे. निवड एकाची असते. तिचे परिणाम मात्र एकट्याचे राहत नाहीत.

आज हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. भारतीय वयस्कता अधिनियम, १८७५ नुसार सर्वसाधारणपणे अठरा वर्षे पूर्ण होताच व्यक्ती सज्ञान ठरते. महाविद्यालयीन प्रवेशाचे वयही जवळपास तेच. म्हणजे कायदा ज्या क्षणी मुलाला निर्णयाचा अधिकार देतो, त्याच क्षणी त्याच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा खर्च पालकांवर येऊन पडतो. अधिकार एकाकडे आणि खर्च दुसऱ्याकडे, अशी ही विषम वाटणी आहे. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू करण्यास परवानगी मिळाली. त्यानंतर ही विषमता मध्यमवर्गीय व शेतकरी कुटुंबांच्या दारापर्यंत आली. पूर्वी गुण कमी पडले की वाट बंद होत असे. आता पैसा उभा केला की वाट उघडू लागली, आणि वाट उघडण्यासाठी ज्याने जमीन किंवा दागिने गहाण टाकले त्याला वाटेची दिशा ठरविण्याचा हक्क आपलाच आहे असे वाटणे स्वाभाविक ठरले.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) निवडक मराठी साहित्यकृतींमधून मुलांच्या शिक्षण व व्यवसायविषयक निवडीकडे पाहण्याची पालकांची दृष्टी कशी व्यक्त झाली आहे, याचा शोध घेणे.
२) पालकांच्या विरोधामागील व संमतीमागील आर्थिक, सामाजिक व भावनिक कारणांची चिकित्सा करणे.
३) मुलगा व मुलगी यांच्या निवडीला मिळणाऱ्या प्रतिसादातील भेद स्पष्ट करणे.
४) 'स्वीकार' या संकल्पनेची अधिक काटेकोर मांडणी करणे.

३. अभ्यासाची व्याप्ती व पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी एक आत्मचरित्रात्मक कादंबरी, एक कादंबरी, दोन नाटके आणि एक आत्मकथन यांची निवड केली आहे. या कृती वेगवेगळ्या प्रदेशांतील व सामाजिक स्तरांतील आहेत : कागलचे कष्टकरी शेतकरी कुटुंब, खानदेशातील सधन घर, विदर्भातील ढासळते देशमुखी वळणाचे ब्राह्मण घराणे, शहरी मध्यमवर्गीय वृद्ध दांपत्य आणि मुंबईतील दलित कामगाराचे कुटुंब. विश्लेषण व तुलना या पद्धतींचा अवलंब केला आहे. साहित्यकृती म्हणजे समाजशास्त्रीय पाहणी नव्हे, याची जाणीव ठेवूनच निष्कर्ष काढले आहेत. तथापि, घरातील बोलणी, अबोले आणि हिशेब जसे साहित्यात उमटतात तसे ते पाहणीच्या तक्त्यांत उमटत नाहीत, हेही तितकेच खरे.

४. 'झोंबी' : वरून आलेली संमती

आनंद यादव यांची 'झोंबी' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. या कृतीचा नायक वयाने सज्ञान नाही. शाळेत जाण्यासाठी झगडणारा तो पोरगा आहे. तरीही या अभ्यासाचा प्रारंभ तिच्यापासून करणे आवश्यक वाटते. कारण ज्या घरात मूल लहान वयातच कामाचा गडी मानले जाते, त्या घरात निवडीचा प्रश्न अठराव्या वर्षाची वाट पाहत नाही.

आंद्याला त्याचा बाप शाळेतून काढतो आणि शेतावर पाणी पाजण्याच्या, गुरे राखण्याच्या कामाला जुंपतो. मुलाचा विचार व्यवहारी आहे. जन्मभर शेतात राबूनही हाती काही लागणार नाही, शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे हाती राहतील, असे त्याला वाटते. आई मुलाच्या बाजूची आहे. पण नवऱ्यापुढे तिचे काही चालत नाही. अखेर मायलेक गावातील वजनदार गृहस्थ दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जातात आणि आपण येथे आल्याचे बापाला कळू न देण्याची विनंती करतात. दत्ताजीराव बापाला बोलावून घेतात, त्याची कानउघाडणी करतात आणि मुलाला शाळेत घालण्यास भाग पाडतात.

या प्रसंगाचे वाचन सामान्यतः मुलाच्या विजयाची कथा म्हणून केले जाते. परंतु येथे बापाने मुलाची निवड स्वीकारलेली नाही. आपल्याहून मोठ्या माणसाचा शब्द त्याने मानला आहे. म्हणूनच घरी परतताच तो अटी घालतो. शाळेच्या वेळेपर्यंत मळ्यात काम करायचे, मळ्यातूनच दप्तर घेऊन शाळेला जायचे, शाळा सुटली की गुरे चारायची, आणि कामाची घाई असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. संमती मिळाली, पण मुलाच्या श्रमावरचा बापाचा हक्क एका तासानेही कमी झाला नाही. शिक्षणाची संपूर्ण किंमत मुलानेच आपल्या झोपेतून आणि खेळातून मोजली.

बापाला केवळ खलनायक ठरवून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. स्वतः काम टाळून गावात हिंडणारा, मुलाच्या कष्टावर सावली शोधणारा असा तो रंगविला आहे, हे खरे. परंतु त्याच्या विरोधाला शेतीच्या अर्थशास्त्राचाही आधार आहे. घरातून एक राबता हात गेला तर त्याच्या जागी मजूर लावावा लागतो, आणि मजुराला रोख पैसे द्यावे लागतात. शिक्षणाचा लाभ आठ-दहा वर्षांनी, तोही मिळालाच तर मिळणार. तोटा मात्र उद्या सकाळपासून सुरू होणार. या हिशेबाला उत्तर न देता केवळ शिक्षणाचे माहात्म्य सांगणारा उपदेश कष्टकरी पालकाला पोकळ वाटला, तर नवल नाही. 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल' या पुढील खंडांत शिकलेल्या त्याच मुलाच्या खांद्यावर घराचा भार येतो. ज्या निवडीला बापाने विरोध केला, तीच निवड पुढे घराचा आधार ठरते. पण हे बापाच्या द्रष्टेपणाचे फळ नव्हे. आईच्या धाडसाचे आणि मुलाच्या चिकाटीचे आहे.

५. 'कोसला' : खर्चाचा हिशेब आणि परतीची वाट

१९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकराची परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. त्याला शिकण्यासाठी झगडावे लागत नाही. गावात प्रतिष्ठा असलेल्या सधन बापाने त्याला पुण्याला महाविद्यालयात पाठविले आहे, वसतिगृहाचा खर्च उचलला आहे. वरवर पाहता ही पालकांच्या उदारतेची परिसीमा होय. तरीही बापलेकांमध्ये जो दुरावा आहे तो 'झोंबी'तील दुराव्याहून कमी नाही.

त्याचे कारण असे की, बापाने पैसे दिले आहेत, पण ते का दिले यासंबंधी दोघांमध्ये कधी बोलणे झालेले नाही. बापाच्या लेखी शिक्षण हा घराच्या वैभवातील आणखी एक मजला आहे. मुलाच्या लेखी पुणे ही सांगवीपासून, घरापासून आणि बापाच्या व्यवहारी जगापासून दूर जाण्याची जागा आहे. पांडुरंग वसतिगृहाच्या खाणावळीपासून स्नेहसंमेलनापर्यंत नाना उलाढालींत पडतो, उधळपट्टी करतो, तोंडघशी पडतो, परीक्षेत नापास होतो. धाकट्या मनीचा देवीच्या रोगाने झालेला मृत्यू त्याच्या मनाचा उरलासुरला आधारही काढून घेतो. शेवटी तो गावी परततो आणि शिकून बेकार असलेल्या इतर तरुणांच्या मेळ्यात सामील होतो.

'कोसला'ची मराठी समीक्षा मुख्यतः अस्तित्ववादी जाणिवा, भाषेचा प्रयोग आणि निवेदनाचे वेगळेपण या अंगांनी झाली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या कादंबरीकडे पाहिले असता एक निराळी गोष्ट ध्यानात येते. पांडुरंगने कोणतीही ठाम निवड केलेलीच नाही. त्याला अमुक व्हायचे आहे आणि बाप ते होऊ देत नाही, असा संघर्ष येथे नाही. आपल्याला काय व्हायचे आहे हेच त्याला उमगलेले नाही. पालकांनी मुलांच्या निवडीचा आदर करावा असे सांगणारी सर्व प्रवचने असे गृहीत धरतात की, मुलाजवळ तयार निवड असते आणि ती केवळ मान्यतेची वाट पाहत असते. बहुसंख्य तरुणांची स्थिती अशी नसते. महाविद्यालयात शिकविणाऱ्या कोणाही अध्यापकाला हे मान्य होईल.

येथेच बापाच्या वागण्यातील एक दुर्लक्षित बाजू पुढे येते. मुलगा हरून परत येतो तेव्हा घर त्याला आत घेते. त्या घरात मान नाही, बापाचा शब्द अंतिम आहे, प्रत्येक घास कोणाच्या कमाईचा याची जाणीव आहे. पण दार बंद झालेले नाही. शेतीवाडीचे, एकत्र कुटुंबाचे ते घर नापास झालेल्या मुलालाही जागा देऊ शकते, कारण तेथे एकाच्या पगारावर सर्व काही अवलंबून नाही. हा स्वीकार मुलाच्या निवडीचा नाही, हे उघड आहे. तो मुलाचा आहे. या दोहोंतील अंतर आपण लक्षात ठेवले पाहिजे.

६. 'वाडा चिरेबंदी' : नाकारलेली संधी

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्यात तात्याजींचे निधन झाले आहे आणि दिवसकार्यासाठी कुटुंब एकत्र जमले आहे. वाडा ढासळतो आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजून पडला आहे, घरात रोख पैसा नाही. पण मोठेपणा टिकविण्याची धडपड संपलेली नाही.

या घरातील अविवाहित मुलगी प्रभा हिला पुढे शिकायचे होते. तात्याजींनी ते होऊ दिले नाही. नाटक सुरू होते तेव्हा नकार देणारा बाप हयात नाही, पण नकार मात्र वाड्यात जिवंत आहे. प्रभाचे लग्न झालेले नाही, शिक्षण झालेले नाही, घराबाहेर स्वतःची अशी जागा नाही. तिच्या बोलण्यातील कडवटपणा हा स्वभावदोष नसून अडविल्या गेलेल्या आयुष्याचा आवाज आहे. ज्याच्याशी भांडायचे तो माणूस गेला, त्यामुळे तिचे भांडण आता कोणाशीच होऊ शकत नाही. एकलव्याच्या कथेत अंगठा मागणारा गुरू समोर तरी होता. प्रभापुढे केवळ बापाची रिकामी जागा आहे.

प्रभाची भाची रंजू हिची कथा या संदर्भात महत्त्वाची आहे. शिकवणीला येणाऱ्या शिक्षकाबरोबर ती घरातील सोने घेऊन मुंबईला पळून जाते. नाटककाराने या दोन मुलींना एकाच वाड्यात ठेवून एक कठोर विधान केले आहे. प्रभाने वडीलधाऱ्यांचा शब्द मानला आणि तिचे आयुष्य वाड्यात कुजले. रंजूने कोणालाही न विचारता पाऊल उचलले आणि तिची फसगत झाली. जेथे मुलीला मोकळेपणाने विचारण्याची सोय नसते, तेथे तिच्यापुढे मुकाट्याने झिजणे किंवा रात्री दार उघडून निघून जाणे एवढेच दोन पर्याय उरतात.

पांडुरंग सांगवीकर आणि प्रभा यांची तुलना येथे अपरिहार्य ठरते. पांडुरंगला शहरात जाण्याची, पैसा उधळण्याची, नापास होण्याची आणि परत येण्याची संधी मिळाली. प्रभाला नापास होण्याची संधीच मिळाली नाही. मुलगा व मुलगी यांतील भेद मांडताना आपण सहसा शिक्षणाच्या संधीविषयी बोलतो. चुकण्याच्या संधीविषयी बोलत नाही. आज मुली मोठ्या संख्येने महाविद्यालयात येत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु एक वर्ष वाया गेले, विद्याशाखा बदलावीशी वाटली, तर मुलाला 'बघू पुढच्या वर्षी' असे सांगणारे घर मुलीला 'आता स्थळं बघू' असे सांगते. तिच्या निवडीला दिलेली संमती ही पहिल्या अडखळण्यापर्यंतच टिकणारी असते.

७. 'संध्याछाया' : यशाचा स्वीकार आणि त्यानंतरचे एकटेपण

जयवंत दळवी यांचे 'संध्याछाया' हे १९७० च्या दशकातील नाटक. नाना आणि नानी हे वृद्ध दांपत्य घरात एकटे आहे. एक मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला आहे, तिथेच त्याने लग्न केले आहे. दुसरा हवाई दलात आहे. त्याच्या मृत्यूची वार्ता येते. फोनची, पत्राची, कोणाच्या तरी येण्याची वाट पाहणे एवढाच दोघांचा दिनक्रम उरतो आणि अखेरीस ते आपले जीवन संपविण्याचा निर्णय घेतात.

हे नाटक कृतघ्न मुलांवरील आरोपपत्र म्हणून पाहण्याची रीत पडून गेली आहे. हे वाचन अपुरे वाटते. नाना-नानींनी मुलांच्या वाटेत कोठेही आडकाठी घातलेली दिसत नाही. मुलाने परदेशी जावे, दुसऱ्याने सैन्यदलात जावे, या दोन्ही गोष्टी त्यांनी अभिमानाने मान्य केल्या आहेत. ज्या स्वीकाराचा आज सर्वत्र पुरस्कार केला जातो तो या घरात पूर्णपणे घडला आहे. तरीही शेवट असा का व्हावा?

याचे एक उत्तर असे देता येईल की, नाना-नानींनी मुलांची निवड स्वीकारली, पण त्या निवडीनंतरच्या स्वतःच्या आयुष्याची निवड केली नाही. मुलांना वाढविणे हेच ज्यांचे एकमेव काम होते, त्यांचे काम यशस्वीपणे संपले आणि हात रिकामे झाले. पालकांच्या त्यागाचे गोडवे गाणारी आपली संस्कृती त्यांना असे कधी सांगत नाही की, मुलांखेरीजही तुम्हाला आयुष्य असले पाहिजे. पालकांचे आयुष्य मुलांच्या आयुष्यात पूर्णपणे गुंतविले गेले, तर दोनच गोष्टी संभवतात. मुले जवळ राहिली तर पालक त्यांचा श्वास कोंडतील. दूर गेली तर पालकांचाच श्वास कोंडेल.

दुसरे असे की, मुलाला परदेशी पाठविणे हा व्यक्तिगत निर्णय भासला तरी त्यामागे एका पिढीची आकांक्षा होती. परदेशी गेलेल्या मुलाचे कौतुक सर्वांनी केले. मागे राहिलेल्या आईबापांची व्यवस्था मात्र त्यांनी स्वतःच पाहावी असे ठरले. शिक्षणाचे यश घराचे आणि त्या यशाची किंमतही घराचीच, अशी ही वाटणी आहे. १९७० च्या दशकातील नाना-नानी आज पुणे, नाशिक, नागपूर येथील अनेक सदनिकांत भेटतात. साधने बदलली आहेत, पडद्यावर मुलाचा चेहरा दिसू शकतो. वाट पाहणे तेच आहे.

८. 'आमचा बाप आन् आम्ही' : विश्वास आणि त्याची अट

नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' हे पुस्तक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. नाशिक जिल्ह्यातील ओझरहून मुंबईला आलेले, अत्यल्प औपचारिक शिक्षण लाभलेले, कष्टाची कामे करून संसार चालविणारे दामोदर जाधव हे या कथनाच्या केंद्रस्थानी आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांनी भारलेल्या या कामगाराने निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून आपल्या आठवणी स्वतः लिहिल्या. बापाचा आवाज आणि मुलांचा आवाज यांना एकाच पुस्तकात शेजारी स्थान मिळाले, हे या कृतीचे वैशिष्ट्य होय. अभ्यासलेल्या इतर कृतींमध्ये बापाची बाजू आपल्याला मुलाकडून किंवा नाटककाराकडून कळते. येथे बाप स्वतः बोलतो.

मुलाने पुढे काय व्हावे याविषयी घरात चर्चा होते, प्रत्येक जण आपापला सल्ला देतो. बाप मात्र निर्णय मुलावर सोपवितो. तू जे करशील त्यात सर्वांत वरच्या जागी पोहोच, एवढेच त्याचे मागणे आहे. मग तो मार्ग कोणताही असो. एका अशिक्षितप्राय कामगाराने दाखविलेला हा मोकळेपणा तत्कालीन पांढरपेशा घरांतही दुर्मीळ होता. त्याचे मूळ आंबेडकरी विचारात आहे. जन्माने ठरविलेला व्यवसाय नाकारणे हाच ज्या चळवळीचा गाभा, तिच्यात वाढलेल्या बापाने मुलावर व्यवसाय लादला असता तर ती विसंगती ठरली असती. वतनदारीने ज्याच्या पूर्वजांना निवडच दिली नाही, तो बाप निवडीचे मोल इतरांहून अधिक जाणतो. ज्येष्ठ पुत्र प्रशासकीय सेवेत गेले, नरेंद्र जाधव अर्थतज्ज्ञ झाले, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू व नियोजन आयोगाचे सदस्य झाले. बापाचा विश्वास सार्थ ठरला.

तथापि, चिकित्सक अभ्यासात आदराला प्रश्नांपासून सूट देता येत नाही. या विश्वासालाही एक अट आहे, आणि ती शिखराची आहे. क्षेत्र कोणतेही चालेल, पण तेथे मधल्या पायरीवर थांबणे चालणार नाही. वंचित समाजातील पहिल्या पिढीच्या दृष्टीने ही अट समजण्यासारखी आहे. ज्याच्या पाठीशी जमीन नाही, ओळख नाही, जातीचे संरक्षण नाही, त्याला साधारण असणे परवडत नाही. परंतु हेच सूत्र आज सर्व स्तरांतील पालकांनी उचलले आहे. तू काहीही कर, पण उत्तम कर, असे म्हणणारा पालक स्वतःला उदारमतवादी समजतो. साधारण कुवतीच्या मुलाला मात्र त्या उदारतेत जागा सापडत नाही. त्याची निवड मान्य होते. तो मान्य होत नाही.

लोकप्रिय चित्रपटांनी हाच समज दृढ केला आहे. २००९ मध्ये प्रदर्शित झालेल्या राजकुमार हिरानी यांच्या 'थ्री इडियट्स' या हिंदी चित्रपटातील फरहान अभियांत्रिकी सोडून वन्यजीव छायाचित्रकार होऊ इच्छितो आणि वडील अखेर राजी होतात. हा प्रसंग प्रेक्षकांचे डोळे ओलावतो. पण पुढे तो यशस्वी छायाचित्रकार झालेला दाखवून चित्रपट वडिलांना निश्चिंत करतो. तो अयशस्वी झाला असता तर वडिलांचा निर्णय चुकीचा ठरला असता काय, या प्रश्नाला चित्रपट सामोरा जात नाही.

९. तुलनात्मक विवेचन

उपरोक्त पाच कृती एकत्र ठेवल्या असता स्वीकाराची तीन अंगे वेगळी करता येतात. पहिले अंग संमतीचे : पालकांनी होकार देणे. दुसरे साहाय्याचे : पैसा, वेळ, श्रमातून सूट देणे. तिसरे परिणामांत सहभागी होण्याचे : निवड फसली, तर तिच्या भारातील वाटा उचलणे.

'झोंबी'त संमती मिळते, तीही बाहेरच्या दडपणाने. साहाय्य मिळत नाही. 'कोसला'त साहाय्य भरपूर मिळते, संवाद नसल्यामुळे संमतीला अर्थ राहत नाही. पण परिणामांत घर काही प्रमाणात सहभागी होते. 'वाडा चिरेबंदी'त मुलीला तीनही गोष्टी नाकारल्या जातात. 'संध्याछाया'त संमती व साहाय्य दोन्ही आहेत, मात्र परिणामांचा सर्व भार पालकांवरच येतो. मुलांचा वाटा त्यात नाही. 'आमचा बाप आन् आम्ही'मध्ये संमती पूर्ण आहे, बापाच्या कष्टांतून साहाय्यही पूर्ण आहे. तिसऱ्या अंगाची कसोटी लागण्याची वेळच येत नाही, कारण मुले यशस्वी होतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या चर्चेत पहिल्या अंगाला अवास्तव महत्त्व आले आहे. पालकांनी 'हो' म्हणावे, यावर सारा भर असतो. वास्तविक 'हो' म्हणणे त्या मानाने सोपे आहे. दोन वर्षांनी मुलगा घरी येऊन, माझे चुकले, हे मला जमत नाही, असे सांगतो तेव्हा खरा प्रश्न निर्माण होतो. त्या क्षणी 'मी तेव्हाच सांगत होतो' हे वाक्य उच्चारले गेले, तर आधी दिलेली संमती मागाहून काढून घेतल्यासारखी होते. ते वाक्य गिळण्यात जी ताकद लागते तिलाच खऱ्या अर्थाने स्वीकार म्हणता येईल.

त्याचबरोबर मुलांच्या बाजूचे कर्तव्यही नजरेआड करता येत नाही. आगरकरांनी आईला निदान पत्र लिहिले. आपल्या निवडीने तिच्या आशेवर काय आघात होतो याची जाणीव त्यांनी ठेवली. पांडुरंगाने बापाशी तेवढेही बोलणे केले नाही. ज्याच्या श्रमांतून आपले शुल्क भरले गेले, त्याला आपली निवड समजावून सांगणे ही परवानगी मागणे नव्हे. ती माणुसकीची किमान देवाणघेवाण आहे.

१०. निष्कर्ष

१) पालकांचा विरोध केवळ हेकेखोरपणातून येत नाही. श्रमाची गरज, कर्जाची भीती, प्रतिष्ठेची चिंता यांचा हिशेब त्यामागे असतो. त्या हिशेबाला उत्तर दिल्यावाचून संवाद होऊ शकत नाही.
२) आर्थिक साहाय्य म्हणजे स्वीकार नव्हे. संवादाविना दिलेला पैसा मुलाच्या डोक्यावरचे ओझे होतो.
३) मुलीच्या बाबतीत प्रश्न केवळ शिकण्याच्या संधीचा नसून चुकण्याच्या व सावरण्याच्या संधीचाही आहे.
४) मुलांच्या निवडीचा निकोप स्वीकार करण्यासाठी पालकांना मुलांपलीकडचे स्वतःचे आयुष्य असणे आवश्यक आहे.
५) उत्कृष्टतेच्या अटीवर दिलेले स्वातंत्र्य हे अर्धे स्वातंत्र्य होय. साधारण मुलाला त्यात स्थान मिळत नाही.

११. समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पदवी शिक्षणात बहुविध प्रवेश व निर्गमनाची तरतूद केली आहे. विद्यार्थ्याने एका टप्प्यावर थांबावे, पुन्हा यावे, विषय बदलावेत, हे धोरणाने तत्त्वतः मान्य केले आहे. दुसऱ्या शब्दांत, मत बदलण्याचा विद्यार्थ्याचा अधिकार व्यवस्थेने कागदावर तरी स्वीकारला आहे. घराने तो अद्याप स्वीकारलेला नाही. विद्यापीठाच्या नियमात परतीचे दार असून उपयोग नाही, जर घराच्या उंबरठ्यावर ते बंद असेल.

दरवर्षी जून-जुलैमध्ये महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर प्रवेशअर्ज हातात घेऊन पालक आणि मुले उभी असतात. अर्जावर दोन सह्यांच्या जागा असतात : एक विद्यार्थ्याची, एक पालकाची. बहुतेक वेळा पालकाची सही आधी होते आणि मुलगा नंतर सही करतो. क्रम कोणताही असो. त्या दुसऱ्या सहीचा अर्थ 'मी परवानगी देतो' एवढाच न राहता 'हे फसले तरी मी तुझ्याबरोबर आहे' असा व्हावा, अशी अपेक्षा हा अभ्यास व्यक्त करतो. प्रभाच्या वाट्याला अशी सही आली असती, तर वाड्याच्या चिरेबंदी भिंती कोसळण्याआधीच तिला त्यातून बाहेर पडण्याचे दार सापडले असते.